चष्मा सुटला म्हणजे मोतीबिंदू गेला का?

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. नाव-गाव न देता थोडक्यात सांगते.

ताईंचं वय ४४. घरचं छोटं होमस्टे आणि खानावळ त्या सांभाळतात. नवऱ्याची स्वतःची होडी आहे, मुलगा नववीत आहे आणि सुट्टीत वडिलांबरोबर दर्यात जातो. ६८ वर्षांच्या सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं एका शिबिरात कळलं होतं. "माका डोळो कापून घेवचो नाय," एवढं बोलून त्यांनी तो विषय मिटवला. वाडीतल्या एका म्हातारीचा डोळा फार पूर्वी ऑपरेशननंतर गेला होता, तो त्यांच्या मनात बसलाय. मग नणंदेने मुंबईहून मधाचे थेंब आणले. थेंब सुरू झाले आणि काही महिन्यांत सासूबाई चष्म्याशिवाय कुळीथ निवडायला लागल्या. मध्यंतरी तर सुई ओवून दाखवली! आता शेजारणी बाटली मागताहेत आणि नवरा म्हणतो, "बघ, ऑपरेशनाचा खर्च वाचला." ताईंना मात्र कुठेतरी खटकतंय, कारण त्याच सासूबाई हल्ली जत्रेतल्या दशावताराला येत नाहीत. विचारलं तर म्हणतात, आता पूर्वीसारखे नट राहिले नाहीत.

ताईंचे प्रश्न असे: थेंब चालू ठेवू का? शेजारणींना देऊ का? सासूबाईंना जबरदस्तीने ऑपरेशनला न्यावं का? आणि आपल्या घराण्यातच मोतीबिंदू दिसतोय, तर नवरा, मुलगा आणि मी, आम्हा तिघांना तो होऊच नये म्हणून काय खावं, काय करावं? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: नवऱ्याच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढलंय, डोळा लाल झाला की तो मेडिकलमधून थेंब आणून घालतो, लगेच बरं वाटतं.

ताई,

तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं. दशावताराचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, पण माझ्यासाठी पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच.

आधी सुईचं सांगते. वयाबरोबर येणाऱ्या मोतीबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातल्या भिंगाचा मधला गाभा घट्ट आणि पिवळट होत जातो. गाभा घट्ट झाला की भिंगाची ताकद वाढते आणि माणसाला लांबचं अंधूक आणि जवळचं स्पष्ट दिसण्याचा थोडा नंबर येतो. ज्याला चाळिशीपासून वाचायला चष्मा लागत होता, त्याला अचानक चष्म्याशिवाय जवळचं दिसायला लागतं. घरात कौतुक होतं, "आजीचा चष्मा सुटला" म्हणून पाहुण्यांना सांगितलं जातं. डोळ्यांच्या डॉक्टरला मात्र हे ऐकलं की मोतीबिंदू पुढे सरकल्याची शंका येते. काही महिने, कधी दोन-तीन वर्षं हे सुख टिकतं. मग गाभा आणखी गढुळतो आणि जवळचंही जातं. सासूबाईंची नजर सुधारायला आणि थेंब सुरू व्हायला एकच गाठ पडली, श्रेय थेंबांना मिळालं. थेंब घातले नसते तरी त्यांनी सुई ओवली असती.

तुम्हाला घरीच पडताळून बघता येईल. दिवसा त्यांना पडवीत बसवा, एक डोळा तळहाताने झाका आणि समोरच्या रस्त्यावरून जाणारं माणूस कोण ते विचारा. मग दुसरा डोळा झाका. एसटीची पाटी, समोरच्या घराची कौलं, होडीवरचं नाव, जे लांबचं असेल ते विचारा. संध्याकाळी मोटारसायकलचा दिवा अंगावर आला की त्या डोळे बारीक करतात का, दिव्याभोवती कडं दिसतं का, ते बघा. माझा अंदाज आहे की जवळच्या कुळथातला खडा त्यांना दिसतो, पण फाटकातून आत येणारी व्याही मंडळी आवाजावरून ओळखावी लागतात. दशावताराचंही तेच असणार. रात्रीची वेळ, समोर भगभगीत फोकस, गढूळ भिंगातून तो उजेड सगळीकडे फाकतो आणि राजा कोण, राक्षस कोण कळत नाही. दिसत नाही असं म्हणण्यापेक्षा नटांना नावं ठेवणं सोपं. बिचारे नट!

आणखी एक शक्यता विसरू नका. रक्तातली साखर खूप वाढली तरी चष्म्याचा नंबर असाच बदलतो. सासूबाईंच्या साखरेबद्दल पत्रात काहीच नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्या, ते काम डोळ्याच्या डॉक्टरकडे जायच्या आधीही होईल.

थेंब आजच बंद करा. मोतीबिंदू विरघळवणारा, थांबवणारा किंवा मागे नेणारा कुठलाही थेंब आज जगात सिद्ध झालेला नाही. भिंग पाण्याने आणि प्रथिनांनी बनलेलं असतं. ती प्रथिनं जोवर नीट रचलेली आहेत तोवर भिंग पारदर्शक, रचना बिघडून त्यांचे पुंजके झाले की ते धुरकट होतं. अंडं उकडलं की पांढरा झालेला भाग पुन्हा पारदर्शक होत नाही, तसंच हे आहे. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर प्रयोग चालू असतात, त्यांच्या बातम्या मोबाईलवर फिरतात, पण माणसाच्या डोळ्यासाठी त्यातून अजून औषध निघालेलं नाही.

बरं, उपयोग नसला तरी नुकसान काय, असं नणंद म्हणेल. घरगुती भरलेल्या बाटलीतला मध निर्जंतुक नसतो. बाटली उघडून महिनोन्‌महिने वापरायची, तिचं टोक पापणीला लागणार, आपल्याकडची दमट हवा. त्यातून बुबुळावर जखम होऊन ती चिघळली तर आज मोतीबिंदूने अंधूक असलेला, पण ऑपरेशनने नीट होऊ शकणारा डोळा कायमचा जाऊ शकतो. गुलाबपाणी, कांद्याचा रस, आईचं दूध, गोमूत्र, सगळ्याला हेच लागू. डोळ्यात घालायचं ते फक्त डॉक्टरने लिहून दिलेलं आणि कारखान्यातून सीलबंद आलेलं. बाटली फेकू मात्र नका, डॉक्टरकडे जाताना सोबत न्या.

नवऱ्याच्या थेंबांनी मला सासूबाईंच्या थेंबांपेक्षा जास्त काळजी लावली. लाल डोळ्याला "लगेच बरं" वाटवणाऱ्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांतलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड. डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडे दिवस ते मोलाचं औषध आहे. आपल्या मनाने महिनोन्‌महिने घातलं तर दोन गोष्टी होऊ शकतात. भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू धरतो, तो ऐन कमावत्या वयात आणि भराभर वाढणारा. दुसरी गोष्ट त्याहून वाईट: डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. एकीकडे मोतीबिंदू टाळायला काय खाऊ म्हणून विचारायचं आणि दुसरीकडे तो बाटलीतून विकत आणायचा, असं तुमच्या घरात चाललंय, ताई. रागावू नका, किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत हेच चालतं.

ते मांस म्हणजे ऊन, वारा आणि खारं पाणी यांनी वर्षानुवर्षं डोळ्याच्या पांढऱ्या भागाला दिलेला त्रास. काही जण त्याला नाखुना म्हणतात. ते बुबुळावर फार सरकलं नसेल तर नुसतं लक्ष ठेवून चालतं, सरकलं तर काढावं लागतं. पण नवऱ्याच्या डोळ्यावर उन्हाचा किती मारा होतो, ते त्यावरून उघड कळतं. बाहेरून एवढं दिसतंय तर आत भिंगापर्यंत काय पोचत असेल?

इथे तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळते: मोतीबिंदू होऊच नये म्हणून काय करावं. त्यामागे एक समजूत आहे की नीट काळजी घेतली तर तो होत नाही आणि झाला तर कुणीतरी निष्काळजीपणा केला. तुमच्या पत्रात ती अपराधी भावना दोनदा डोकावली, "मी त्यांच्या खाण्यापिण्याकडे आधीच लक्ष द्यायला हवं होतं" असं तुम्ही लिहिलंय. तसं नाहीये. भिंगाचा अगदी मधला भाग आपण आईच्या पोटात असताना तयार होतो आणि जन्मभर तोच राहतो. कातडी नवी येते, नखं वाढतात, भिंगाच्या गाभ्याची झीज मात्र भरून निघत नाही. त्यामुळे ऊन, धूर, साखर यांचा हिशेब त्यात साठत जातो. पुरेसं जगलेल्या बहुतेक माणसांच्या भिंगात थोडाफार मोतीबिंदू सापडतोच. घराण्याचा थोडा वाटा असतो, पण तुमच्या घरात सासूबाई, त्यांच्या सासूबाई आणि दीर या सगळ्यांना झाला, यात रक्ताइतकीच एकाच किनाऱ्यावरची, एकाच कामातली सगळी आयुष्यंही आली. आपल्या हातात आहे ते पुढे ढकलणं. साठीत येणारा सत्तरीत आला तर तो दहा वर्षांचा नफा, आणि तो मिळवण्यासारखा आहे.

मग काय केलं की पुढे जातो? क्रम मी लावून देते आणि त्यात गाजर शेवटी आहे.

पहिलं ऊन. अमेरिकेत मेरीलँड राज्यात चेसापीक नावाची मोठी खाडी आहे. तिथे खेकडे आणि कालवं काढून पोट भरणाऱ्या ८३८ होडीवाल्यांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. कोण किती वर्षं, किती तास पाण्यावर होता, टोपी घालायचा का, चष्मा लावायचा का, याचा हिशेब मांडून त्यांच्या डोळ्यांत जन्मभरात किती अतिनील किरण गेले असतील ते काढलं. हा साठा दुप्पट झाला की भिंगाच्या बाहेरच्या थरातल्या मोतीबिंदूचा धोका साधारण ६० टक्क्यांनी वाढत होता. गाभ्यातल्या मोतीबिंदूशी मात्र उन्हाचा संबंध दिसला नाही. म्हणजे ऊन सगळ्याच मोतीबिंदूंचं कारण नाही. पण तुमचा नवरा नेमक्या त्याच कामात आहे आणि आपलं ऊन मेरीलँडपेक्षा कितीतरी कडक.

दर्यात डोळ्याला ऊन वरून मिळतं तसं खालूनही मिळतं. कोरडी वाळू साधारण १५ टक्के अतिनील किरण परतवते, फेसाळ लाटा २५ टक्क्यांपर्यंत. म्हणून नुसती टोपी पुरत नाही आणि नुसता गॉगलही पुरत नाही. पुढे छोटी झडप असलेल्या क्रिकेटच्या टोपीपेक्षा सगळीकडून रुंद कड असलेली टोपी बरी, हनुवटीखाली दोरी बांधायची म्हणजे वारा नेणार नाही. अशी टोपी डोळ्यात जाणारे किरण जवळपास निम्म्याने कमी करते. गॉगल घेताना "यूव्ही ४००" (म्हणजे अतिनील किरण अडवणारा) लिहिलेलं बघा. काच किती काळी यावर काही ठरत नाही. किनाऱ्यावर टांगून विकतात त्या काळ्या चष्म्यांत संरक्षण नसेल तर ते उघड्या डोळ्यापेक्षा वाईट ठरू शकतात, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत शिरतात. चांगल्या चष्म्याच्या दुकानात किरण मोजायचं छोटं यंत्र असतं, दुकानदाराला गॉगल त्यावर धरून दाखवायला सांगा. बाजूने कानापर्यंत वळलेला आकार घ्या, कडेने येणारं ऊन अडतं. ढग आले म्हणून काढून ठेवू नका, पातळ ढगातून हे किरण आरामात येतात.

"दर्यावरच्या माणसाला गॉगल शोभतो काय?" असं नवरा म्हणतो ना? त्याला डोळ्याचं आरोग्य सांगूच नका. पोलराइज्ड काचेचा गॉगल एकदा लावून पाण्याकडे बघायला सांगा. पाण्यावरची चकाकी कापली जाते, खालचा खडक, मासळीचा थवा, जाळ्याची दोरी जास्त स्पष्ट दिसते. पुढच्या वेळी तो गॉगल विसरून जाणार नाही. फक्त पोलराइज्ड आणि यूव्ही ४०० या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घेताना दोन्ही बघून घ्या. मुलालाही तसाच द्या. लहान वयातलं भिंग जास्त स्वच्छ असतं, किरण जास्त आत जातात आणि त्याच्या पुढे उन्हाची सगळी वर्षं पडलेली आहेत. त्याचं दर्यात जाणं मात्र बंद करू नका. तुम्हाला त्याच्या मोबाईलची भीती वाटते. मोबाईलने मोतीबिंदू होत नाही. जवळचं बघत घरात बसून राहिलेल्या मुलांना लांबचं अंधूक दिसण्याचा नंबर येतो, मोकळ्यावर खेळणाऱ्यांना तो कमी येतो. तुमचा मुलगा त्या बाबतीत बरा आहे.

दुसरा धूर. सासूबाईंनी आयुष्यभर फुंकणी फुंकली. लाकूडफाट्यावर स्वयंपाक करणाऱ्या बायकांत मोतीबिंदू जास्त आढळतो, असं भारतातल्या बऱ्याच पाहण्यांत दिसलंय. स्वयंपाक आता गॅसवर आहे, पण होमस्टेच्या पाहुण्यांना आंघोळीचं पाणी तुम्ही न्हाणीघरातल्या चुलीवर तापवता, सोडणं (नारळाची सालं) आणि चुडतं (माडाच्या झावळ्या) जाळून, असं पत्रात आहे. त्या सोडणांचा धूर मला चांगला ठाऊक आहे, डोळे चुरचुरून पाणी येतं. हंगामात रोज सकाळी तासभर तो धूर तुम्हीच घेताय, ४४ व्या वर्षी. सौरबंब परवडला तर उत्तम. नाहीतर ती चूल न्हाणीतून उचलून उघड्यावर मांडा, वर धुराडं लावा, जाळ पेटला की बाजूला व्हा. पाहुण्यांना दहा मिनिटं उशिरा पाणी मिळालं तर बिघडत नाही.

तिसरं बिडी-सिगारेट. नवऱ्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून मी विचारते. धूम्रपान आणि मोतीबिंदू यांचा संबंध पक्का आहे, आणि सोडल्यावर धोका हळूहळू उतरतो. चौथं मधुमेह: साखर ताब्यात नसेल तर मोतीबिंदू लवकर येतो, शिवाय डोळ्याच्या मागचा पडदा खराब होतो तो वेगळाच. घरात ज्याला मधुमेह असेल त्याने दरवर्षी पडद्याची तपासणी करायची, दिसत असलं तरी. पाचवं मार. चिरेखाणीत जांभा फोडताना, नारळ सोलताना, होडीचं वेल्डिंग करताना डोळ्याला बसलेला फटका तिशीतल्या माणसालाही मोतीबिंदू देतो. तिथे साधा पारदर्शक संरक्षक चष्मा पुरतो.

आता गाजर. अ जीवनसत्त्व फारच कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, मुलांचे डोळे जातात, म्हणून डोळ्यांसाठी गाजर हे समीकरण रुजलं. मोतीबिंदूवर त्याचा तसा परिणाम नाही. तुम्ही मागवलेल्या डोळ्यांच्या गोळ्यांचंही तेच. अमेरिकेत हजारो माणसांना बरीच वर्षं जीवनसत्त्वांचे मोठे डोस देऊन २००१ मध्ये निष्कर्ष आला की मोतीबिंदू त्याने थांबत नाही. मग ल्युटीन (पालेभाज्यांतलं एक रंगद्रव्य) घालून पुन्हा प्रयोग झाला, २०१३ मध्ये त्याचंही एकूण उत्तर तेच निघालं. पडद्याच्या एका आजारात त्या गोळ्यांचा काही जणांना फायदा होतो, पण तो आजार तुमच्या घरात कुणाला असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. गोळ्यांचे पैसे नवऱ्याच्या गॉगलमध्ये घाला. ताटात शेवग्याचा पाला, अळू, तांबडा माठ, भोपळा, पपई आणि रोजची मासळी आहेच, ते सगळ्या शरीरासाठी चांगलं आहे. परसातलं सोडून बाजारातून काही आणायची गरज नाही.

राहिला सासूबाईंच्या ऑपरेशनचा प्रश्न. जबरदस्ती करावी का? नाही. डोळा त्यांचा आहे आणि मोतीबिंदू दिसला की लगेच कापलाच पाहिजे असंही नाही. त्यांना जे करायचंय ते त्याच्यामुळे अडतंय का, यावर ठरवायचं. पण तपासणीसाठी मात्र आग्रह धरा. मोतीबिंदूच्या जोडीला काचबिंदू किंवा पडद्याचा आजार नाही ना, हे आत बघितल्याशिवाय कळत नाही. "फक्त बघून येऊ, कापायचं नाही" एवढ्या अटीवर न्या आणि ती अट पाळा. तिथे भुलवून टेबलावर चढवलंत तर पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढणार नाहीत.

वाडीतल्या त्या आजींचा डोळा गेला हे खरं असेल, त्याला हसू नका. पूर्वी मोठी चीर द्यायचे, टाके घालायचे, नुसतं भिंग काढून टाकायचे आणि मग बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा. डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवायची कल्पना हॅरोल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरने १९४९ मध्ये लंडनला पहिल्यांदा प्रत्यक्षात आणली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या प्लास्टिकच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत त्यांचे तुकडे घुसले होते आणि डोळ्याने ते मुकाट्याने सहन केले, हे त्याने हेरलं होतं. सासूबाईंना ही गोष्ट सांगा, गोष्टी ऐकायला त्यांना आवडत असणार. आज डोळा थेंबांनी किंवा इंजेक्शनने बधिर करतात, तीन मिलिमीटरच्या आतली चीर पुरते, गढूळ भिंग आतल्या आत फोडून ओढून घेतात, घडी घातलेलं नवं भिंग सरकवतात. सगळं बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत, आणि माणूस त्याच दिवशी घरी. धोका शून्य नाही, जंतुसंसर्ग क्वचित होतो, म्हणून साखर आधी ताब्यात हवी आणि नंतरचे थेंब नेमाने घालायला हवेत. दुखायला लागलं, लाली वाढली किंवा आधी दिसत होतं त्यापेक्षा कमी दिसू लागलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरला गाठायचं.

"पिकू दे, मग काढू" हा सल्ला त्याच जुन्या काळातला. आता पिकेपर्यंत थांबलात तर भिंग दगडासारखं होतं, काढायला अवघड जातं, आणि फार थांबलात तर ते फुगून डोळ्यातला दाब वाढतो, असह्य दुखतं. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं सुमारे ६६ टक्के कारण मोतीबिंदूच निघालं. ऑपरेशनने जाऊ शकणारं अंधत्व आहे हे, तरी माणसं त्यात बसून आहेत.

खर्चाचं नवऱ्याला सांगा: राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्याखाली सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन मोफत होतं. तुमच्यासाठी ओरोसचं जिल्हा रुग्णालय, रत्नागिरी आणि रायगडच्या वाचकांसाठी त्यांची जिल्हा रुग्णालयं. आधी चौकशी करून नेत्रविभागाचा दिवस विचारून घ्या.

आणि हंगाम. "ऑपरेशन थंडीतच करावं, पावसात डोळा पिकतो" असं तुम्हाला वाडीत दहा जण सांगतील. आजच्या पद्धतीत ऋतूचा संबंध नाही. उलट तुमच्या घराला पावसाळाच सोयीचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी वर ओढलेली, नवरा घरी, पाहुण्यांची वर्दळ कमी. पहिले काही आठवडे डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, धुराजवळ बसायचं नाही, जड उचलायचं नाही, दिवसातून अनेकदा थेंब घालायचे. हे सगळं करायला माणूस मोकळा असतो तो तेव्हाच. थंडीत होडी दर्यात, होमस्टे भरलेलं, आणि थेंब घालायची जबाबदारी तुमच्या एकटीवर.

सासूबाईंशी बोलताना डोळ्यापासून सुरुवात करू नका. पुढच्या जत्रेतलं नाटक बघायचंय का, तेवढं विचारा. त्या नटांना नावं ठेवतीलच. मग विचारा, शेवटचं स्पष्ट कधी दिसलं होतं.

शेजारणींना थेंब देऊ नका आणि "आमच्या सासूबाईंना गुण आला" असंही पुढे सांगू नका. बाटलीपेक्षा त्यांना गाडीत जागा द्या. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा डोळ्याचा दाब आणि पडदा तपासून घ्यावा, तुम्हीसुद्धा. काचबिंदू आधी काही सांगून येत नाही, म्हणून दिसतंय तोवरच बघायचं.

तपासणीला जाल त्या दिवशी बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, पुढचे तीन-चार तास सगळं अंधूक आणि उजेड सहन न होणारा. म्हणून सासूबाईंना मोटारसायकलच्या मागे बसवून नेऊ नका. नवऱ्याचेही डोळे त्याच दिवशी दाखवणार असाल (दाखवाच), तर गाडी चालवायला तिसरा कुणीतरी घ्या. सोबत मधाच्या थेंबांची बाटली, नवऱ्याची लाल डोळ्याची बाटली, सासूबाईंचा जुना चष्मा, साखरेचा रिपोर्ट आणि बीपीची किंवा इतर काही औषधं चालू असतील तर त्यांची पाकिटं. आणि घरात असलेली रुंद कडेची टोपी, परत येताना लागेल.